यादी, नियम आणि क्रमांक : देवगिरीचा स्वरप्रस्तार आणि लिस्ट कॉम्प्रिहेन्शनचा वाक्यविन्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय गणितात संच लिहिण्याच्या दोन पद्धती सांगितल्या जातात. यादी पद्धतीत घटक महिरपी कंसात एकेक करून मांडले जातात; गुणधर्म पद्धतीत घटकांची नावे न घेता ते ज्या गुणधर्माने ओळखायचे तो गुणधर्म लिहिला जातो. प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये या दुसऱ्या पद्धतीला जे रूप प्राप्त झाले ते ‘लिस्ट कॉम्प्रिहेन्शन’ या नावाने ओळखले जाते. पूर्णांक आणि व्हेक्टर यांखेरीज फारसे काही नसलेल्या एखाद्या लहानशा भाषेतही हा विन्यास बसवता येतो. व्हेक्टर म्हणजे अशी मांडणी, जिच्यातील प्रत्येक घटक त्याच्या क्रमांकावरून थेट गाठता येतो. उदाहरणार्थ,

[क × क | क ← १ ते १०, क सम]

हे एक वाक्य लिहिले की ४, १६, ३६, ६४, १०० हा व्हेक्टर तयार होतो. उभ्या रेघेच्या डावीकडे घटकाचे रूप, उजवीकडे ‘कोठून घ्यायचे’ हे सांगणारा जनक आणि त्यापुढे गाळणारी अट, अशी या वाक्याची तीन अंगे आहेत.

गणितातील संच आणि संगणकातील व्हेक्टर यांच्यात मात्र एक मूलभूत भेद आहे. संचाला क्रम नसतो, व्हेक्टरला असतो. गुणधर्म पद्धतीचे लेखन संचासाठी घडले आणि संगणकशास्त्राने ते क्रमबद्ध मांडणीसाठी वापरले. तेव्हा क्रम कोठून आला आणि तो कोणी ठरवला, हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या विन्यासाच्या इतिहासाकडे याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले आहे. त्यासाठी तुलनेला घेतला आहे तो तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात सिद्ध झालेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ. नियमाने यादी निर्माण करणे आणि तिच्यातील कोणतीही ओळ क्रमांकावरून काढणे या दोन्ही क्रिया या ग्रंथात एकत्र आढळतात.

संचापासून यादीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संचाविषयीची धारणा साधी होती : गुणधर्म सांगितला की संच सिद्ध होतो. १९०१ मध्ये बर्ट्रांड रसेल यांना या धारणेतील विसंगती आढळली. ‘स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच’ असे म्हणताच विरोधाभास उभा राहतो. १९०८ मध्ये अर्न्स्ट झर्मेलो यांनी त्यावर मर्यादा घातली. नुसत्या गुणधर्माने संच निर्माण होत नाही. आधीच असलेल्या एखाद्या संचातून त्या गुणधर्माचे घटक वेगळे काढता येतात, एवढेच त्यांनी मान्य केले. वरील वाक्यातील ‘क ← १ ते १०’ हा भाग टाळता येत नाही, याचे तात्त्विक मूळ येथे आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कूराँ संस्थेत जॅक श्वार्ट्झ यांनी ‘सेटल’ या भाषेची आखणी केली. संच हाच या भाषेचा पाया असल्यामुळे गुणधर्म पद्धतीचे लेखन तिच्यात जवळजवळ जसेच्या तसे आले. सेटलमध्ये संच आणि क्रमबद्ध मांडणी यांसाठी वेगवेगळे कंस होते आणि संचातील घटक कोणत्या क्रमाने हाती येतील याची हमी भाषा देत नसे. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. १९७७ च्या सुमारास एडिंबरा येथे रॉड बर्स्टॉल आणि जॉन डार्लिंग्टन यांच्या कार्यातून ‘एनपीएल’ या भाषेत असेच लेखन आले. त्यानंतर डेव्हिड टर्नर यांनी केंट विद्यापीठात ‘केआरसी’ ही खरोखरच लहान भाषा तयार केली आणि या लेखनाला झर्मेलो व फ्रँकेल यांच्या आद्याक्षरांवरून ‘झेडएफ अभिव्यक्ती’ असे नाव दिले. ‘लिस्ट कॉम्प्रिहेन्शन’ हे पुढे रूढ झालेले नाव फिलिप वॉडलर यांचे. टर्नर यांच्याच मिरांडा या भाषेतून (१९८५) हा विन्यास हॅस्केलमध्ये (१९९०) आणि हॅस्केलच्या प्रभावाने ऑक्टोबर २००० मध्ये पायथनच्या २.० या आवृत्तीत पोहोचला. पायथनचे कर्ते खिदो व्हान रोसम यांनी त्यापूर्वी नेदरलँड्समध्ये ‘एबीसी’ या भाषेवर काम केले होते आणि त्या भाषेवर सेटलचा प्रभाव होता.

टर्नर यांच्या परंपरेत नाव संचशास्त्राचे राहिले, पण वस्तू बदलली : तयार होते ती यादी. यादी म्हटली की क्रम आला. दोन जनक एकापुढे एक लिहिले असता कोणता आधी फिरवायचा हे संचशास्त्र सांगत नाही, कारण त्याला त्याची आवश्यकताच नाही. भाषाकर्त्यांनी संकेत ठरवला की उजवीकडचा जनक सर्वांत जलद फिरेल. अनंत याद्यांच्या बाबतीत हा संकेत अडचणीचा ठरतो. उजवीकडची यादी कधी संपतच नाही आणि डावीकडची पहिल्या घटकावरच थांबून राहते. म्हणून मिरांडामध्ये उभ्या रेघेऐवजी दोन तिरप्या रेघा लिहून कर्णाच्या दिशेने चालण्याची वेगळी सोय करावी लागली. एका चिन्हाचा हा बदल केवळ क्रमासाठी होता, ही बाब उल्लेखनीय आहे.

मिरांडाच्या परिचयात नेहमी दिले जाणारे एक उदाहरण पुढील विवेचनाच्या दृष्टीने सोयीचे आहे. दिलेल्या यादीतील घटकांचे सर्व क्रमपर्याय काढायचे असतील तर नियम असा लिहितात :

पर्याय(य) = [अ : प | अ ← य, प ← पर्याय(य − अ)]

यादीतून एक घटक आरंभी घ्यावा, उरलेल्यांचे सर्व पर्याय काढून त्यापुढे जोडावेत. यादी रिकामी झाली की थांबावे. स, रि, ग हे तीन स्वर दिले असता या नियमातून सरिग, सगरि, रिसग, रिगस, गसरि, गरिस अशा सहा ओळी याच क्रमाने निघतात. शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात याच सहा ओळी आहेत. क्रम मात्र निराळा आहे. त्या क्रमामागील विचार समजण्यासाठी आधी छंदःशास्त्राकडे वळणे आवश्यक आहे.

पिंगलाचा प्रस्तार

पिंगलाच्या छंदःशास्त्राचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी तिसरे ते दुसरे शतक असा मानला जातो. त्याच्या आठव्या अध्यायात लघु व गुरू अक्षरांच्या सर्व शक्य रचना क्रमाने मांडण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात ती अधिक सुबोध रूपात येते. पहिल्या ओळीत सर्व गुरू लिहावेत. पुढच्या ओळीसाठी डावीकडून पाहत जाऊन जो पहिला गुरू भेटेल त्याच्याखाली लघु लिहावा. त्याच्या उजवीकडचे वरच्याप्रमाणे उतरवावे. डावीकडे राहिलेल्या जागा गुरूंनी भराव्यात. सर्व लघु आले की प्रस्तार संपला.

तीन अक्षरांसाठी हा नियम चालवला की गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल अशा आठ ओळी मिळतात. मराठीच्या अध्यापकांना ही यादी नवी वाटणार नाही. म, य, र, स, त, ज, भ, न हा गणांचा पारंपरिक क्रम तो हाच. शाळेत गण पाठ करण्यासाठी वापरले जाणारे ‘य-मा-ता’चे स्मरणसूत्र वेगळ्या क्रमाने चालते. त्यामुळे छंदःशास्त्राच्या ग्रंथांत मगण प्रथम का येतो, हे विद्यार्थ्याला सहसा कोणी सांगत नाही. तो प्रस्ताराची पहिली ओळ आहे म्हणून प्रथम येतो.

हीच यादी कॉम्प्रिहेन्शनने काढायची झाल्यास जनक उलटे लिहावे लागतात :

[अ इ उ | उ ← (ग, ल), इ ← (ग, ल), अ ← (ग, ल)]

आधुनिक संकेतात उजवीकडचा जनक जलद फिरतो, तर पिंगलाच्या रीतीत डावीकडचे अक्षर सर्वांत जलद बदलते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. फोरट्रान भाषेत मांडणीचा डावीकडचा निर्देशांक जलद फिरतो आणि सी भाषेत उजवीकडचा. त्या दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांना या भेदाचा त्रास परिचित आहे.

प्रस्तार हा छंदःशास्त्रातील सहा प्रत्ययांपैकी पहिला. दुसरा ‘नष्ट’ : ओळ पुसली गेली आहे, क्रमांक तेवढा ठाऊक आहे, तर ओळ कोणती? तिसरा ‘उद्दिष्ट’ : ओळ समोर आहे, तिचा क्रमांक कोणता? नष्टाची रीत थोडक्यात अशी : क्रमांक सम असेल तर लघु लिहून त्याचे अर्धे करावे, विषम असेल तर गुरू लिहून एक मिळवून अर्धे करावे. पाचवी ओळ हवी असेल तर ५ विषम म्हणून गुरू, ६ चे अर्धे ३. पुन्हा विषम म्हणून गुरू, ४ चे अर्धे २. सम म्हणून लघु. गगल, अर्थात तगण. वरील यादीत पाचवा गण तोच आहे.

नष्ट-उद्दिष्टाची गरज का भासली असावी, याचे उत्तर सहाव्या प्रत्ययात सापडते. ‘अध्वयोग’ म्हणजे प्रस्तार लिहायला लागणाऱ्या जागेचे गणित. प्रत्येक ओळीला एक अंगुळ आणि दोन ओळींमध्ये एक अंगुळ मोकळी जागा धरली, तर २६ अक्षरांच्या वृत्तांचा प्रस्तार लिहिण्यास १३,४२,१७,७२७ अंगुळे लागतात. अंगुळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटरांचे मानले तर हे अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या आसपास जाते. अशी यादी कोणी लिहिणार नाही हे शास्त्रकारांना पूर्णपणे ज्ञात होते. यादीचा नियम सांगावा, यादी लिहू नये, आणि तरीही तिच्यातील हवी ती ओळ हाताशी असावी, ही त्यांची अपेक्षा होती.

देवगिरी : श्रीकरणातील संगीतज्ञ

शार्ङ्गदेवाने स्वतःविषयी दिलेली माहिती त्रोटक असली तरी बोलकी आहे. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले (लीलावतीकार भास्कराचार्यांशी यांचा संबंध नाही). वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या (राज्यकाळ सुमारे १२१० ते १२४७) दरबारात ‘श्रीकरणाग्रणी’ होता, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. पुढे हेमाद्री ऊर्फ हेमाडपंतामुळे ज्या श्रीकरणाचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते हेच खाते. नागपूर परिसराला हे राज्य परके नव्हते. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातील शिलालेख रामचंद्र यादवाच्या काळातील असून म. म. वा. वि. मिराशी यांनी एका सहसंपादकासह त्याचे संपादन केले आहे.

याच सिंघणाच्या पदरी चांगदेव हा ज्योतिषी होता. हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू; ज्ञानेश्वरकालीन योगी चांगदेव नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापन केला. त्याचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. अशा प्रकारे एकाच राजाच्या सेवेत, जवळजवळ एकाच काळी, लीलावतीची परंपरा जपणारा ज्योतिषी आणि स्वरांचा प्रस्तार मांडणारा हिशेबनीस होते. त्यांची भेट झाल्याचा पुरावा नाही आणि तो गृहीत धरण्याचे कारणही नाही. मात्र दोन ग्रंथांतील फरक बोधप्रद आहे. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीच्या ‘अंकपाश’ प्रकरणात भास्कराचार्य क्रमपर्यायांची संख्या काढतात. शंभूच्या दहा हातांतील आयुधे बदलून होणारी रूपे ३६,२८,८०० आणि विष्णूच्या चार हातांची २४, अशी ती प्रसिद्ध उदाहरणे आहेत. दिलेल्या अंकांपासून होणाऱ्या सर्व संख्यांची बेरीजही ते देतात. पर्याय किती हे सांगितले जाते; अमुक क्रमांकाचा पर्याय कोणता, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. शार्ङ्गदेव तो विचारतो.

संगीतरत्नाकराच्या सात अध्यायांपैकी पहिल्या, स्वरगताध्यायात, सात स्वरांच्या ५,०४० क्रमपर्यायांचे विवेचन आहे. स्वर आपला स्वाभाविक क्रम सोडून आले की त्या तानेला कूटतान म्हणतात. प्रत्येक मूर्च्छनेला हे पर्याय लागू होतात आणि मूर्च्छनांचे प्रकार ५६ असल्याने एकूण संख्या २,८२,२४० होते. प्रस्ताराचा नियम पिंगलाच्या नियमाशी नाते सांगणारा आहे. वरच्या ओळीतील स्वराखाली त्याच्या लगतचा खालचा स्वर लिहावा. तो उजवीकडे आधीच आलेला असेल तर त्याच्याही खालचा घ्यावा. उजवीकडचे वरच्याप्रमाणे उतरवावे. उरलेले स्वर डावीकडे मूळ क्रमाने भरावेत. तीन स्वरांसाठी या नियमाने सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस अशा ओळी येतात. मिरांडाच्या यादीशी ताडून पाहिल्यास संच तोच आहे, यादी तीच नाही. कॉम्प्रिहेन्शनच्या भाषेत शार्ङ्गदेवाचा क्रम असा लिहावा लागेल :

प्रस्तार(य) = [प : अ | अ ← उलट(य), प ← प्रस्तार(य − अ)]

शेवटचा स्वर आधी ठरतो, तोही वरच्या स्वराकडून खालच्याकडे येत. आणि आरंभीचे स्वर सर्वांत जलद बदलतात.

येथपर्यंत दोन्ही रीती समतुल्य आहेत. शार्ङ्गदेव याच्या पुढे जातो ते ‘खंडमेरू’मध्ये. सात स्तंभांचा हा कोष्टक आहे. पहिल्या स्तंभात फक्त १ हा अंक. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. पाचव्यात ० पासून २४ च्या पटीत ९६ पर्यंत, सहाव्यात १२० च्या पटीत ६०० पर्यंत, सातव्यात ७२० च्या पटीत ४,३२० पर्यंत. प्रत्येक स्तंभातील सर्वांत मोठी संख्या घेऊन बेरीज केली की १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४,३२० म्हणजे बरोबर ५,०४० होतात. १ ते ५,०४० मधील प्रत्येक क्रमांक प्रत्येक स्तंभातून एकेक संख्या निवडून एकाच प्रकारे लिहिता येतो. निवडलेल्या घरांवर खडे ठेवायचे. ग्रंथात त्यांना ‘लोष्ट’ म्हटले आहे. खडा ज्या घरावर पडेल त्यावरून त्या स्थानाचा स्वर कळतो : पहिले घर म्हणजे उरलेल्या स्वरांपैकी शेवटचा, दुसरे म्हणजे शेवटून दुसरा, आणि याप्रमाणे पुढे.

हजारावी तान काढून पाहिल्यास रीत स्पष्ट होते. १,००० = १ + १ + २ + १२ + २४ + २४० + ७२०. सातव्या स्तंभात ७२० हे दुसरे घर आहे, म्हणून सातवा स्वर शेवटून दुसरा, म्हणजे ध. उरले स, रि, ग, म, प, नि. सहाव्या स्तंभात २४० हे तिसरे घर, म्हणून शेवटून तिसरा, म. पाचव्यात २४ हे दुसरे घर, म्हणून प. चौथ्यात १२ हे तिसरे घर. उरलेल्या स, रि, ग, नि यांपैकी शेवटून तिसरा रि. तिसऱ्यात २ हे दुसरे घर, म्हणून ग. दुसऱ्यात १ हे दुसरे घर, म्हणून स. आणि आरंभी उरला तो नि. हजारावी तान : नि स ग रि प म ध. सात खडे ठेवले की ओळ मिळाली; आधीच्या ९९९ ओळींपैकी एकही लिहावी लागली नाही.

कॉम्प्रिहेन्शनने हाच घटक मागितला तर काय होते? पायथनमध्ये ५,०४० ओळींची संपूर्ण यादी स्मृतीत तयार होते आणि मग हजारावी ओळ उचलली जाते. हॅस्केलसारख्या आळशी मूल्यमापनाच्या भाषेत पुढच्या ४,०४० ओळी टळतात, पण यादीच्या आरंभापासून हजाराव्या स्थानापर्यंतची वाटचाल टळत नाही. कारण कॉम्प्रिहेन्शनचा विन्यास उत्पत्तीचा नियम सांगतो, क्रमांकाचा सांगत नाही. यादीला व्हेक्टरचे गुण हवे असतील तर ती साठवावी तरी लागते किंवा नष्टाचा नियम स्वतंत्रपणे लिहावा लागतो. युरोपात क्रमगुणितांच्या आधाराने संख्या लिहिण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात शार्ल लेझाँ यांनी १८८८ च्या लेखात मांडली. शार्ङ्गदेवाचा खंडमेरू त्याच तत्त्वावर चालतो. १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त भास्कराचार्यांचा अंकपाश आणि प्रस्ताराची ही परंपरा एका प्रकरणात एकत्र आणली. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या चौथ्या खंडात (२०११) या विषयाचा इतिहास लिहिताना पिंगल, शार्ङ्गदेव आणि नारायण पंडित या तिघांचीही दखल घेतली आहे.

हिशेबखात्यातील नोंदीला अनुक्रमांक असतो आणि अनुक्रमांकावरून नोंद सापडावी लागते. शार्ङ्गदेवाच्या व्यवसायाचा त्याच्या मांडणीवर परिणाम झाला असेल, असा तर्क मोहक आहे. तथापि नष्ट-उद्दिष्ट ही छंदःशास्त्राची देणगी असून ती त्याच्याकडे तयार आली होती, हे विसरता येत नाही.

दाव्यांची मर्यादा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणालीचा अंतर्भाव महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत होऊ लागला आहे. त्यामुळे अशा विषयांवर लिहिताना दोन टोकांच्या भूमिका समोर येतात. एकीनुसार संगणकशास्त्र पूर्वीपासून आपल्याकडे होतेच. दुसरीनुसार हा सर्व योगायोग असून त्याची नोंद घेणे अनावश्यक आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे ‘नासा’ने सिद्ध केले, हे विधान व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका लेखात आहे. त्या लेखाचा विषय ज्ञानाचे प्रतिरूपण हा होता. संस्कृत व्याकरणकारांची वाक्यार्थ-विश्लेषणाची रीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील अर्थजालांची रीत यांच्यातील साम्य त्यात दाखवले होते. प्रोग्रॅमिंग भाषेचा दावा त्यात नाही आणि त्याला संस्थेचे प्रमाणपत्रही नाही.

लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची वंशावळ झर्मेलो, श्वार्ट्झ, टर्नर अशी आहे. तिच्यात देवगिरी कोठेही येत नाही. सेटल किंवा केआरसी घडवणाऱ्यांनी संगीतरत्नाकर वाचला होता असे मानण्यास आधार नाही. शिवाय शार्ङ्गदेवाकडे विन्यास असा नाहीच. त्याचा नियम संस्कृत श्लोकांत, माणसाला उद्देशून सांगितलेला आहे आणि तो समजण्यासाठी सिंहभूपाल व कल्लिनाथ यांच्या टीकांचा आधार घ्यावा लागतो. यंत्राला कळेल अशी चिन्हव्यवस्था ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. एवढे मान्य केल्यावर जे शिल्लक राहते ते मात्र भक्कम आहे : क्रमांकावरून ओळ आणि ओळीवरून क्रमांक काढण्याची निर्दोष रीत तेराव्या शतकात महाराष्ट्रात लिहिली गेली. पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्लिनाथाच्या टीकेसह संगीतरत्नाकर छापला, तेव्हापासून ती कोणालाही वाचण्यास उपलब्ध आहे. संगीताचे अभ्यासक ती गणिताची म्हणून आणि गणिताचे अभ्यासक ती संगीताची म्हणून वगळत आले, हे दुर्दैव.

अटीची जागा

कॉम्प्रिहेन्शनचे तिसरे अंग म्हणजे गाळणारी अट. ती कोठे लिहिली यावर उत्तर किती बदलते, याचे चांगले उदाहरण हिंदुस्थानी संगीताच्या पाठ्यपुस्तकांतच आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या परंपरेतील पुस्तकांत एका थाटातून ४८४ राग संभवतात असे गणित दिलेले असते. षड्ज वर्ज्य करायचा नाही आणि किमान पाच स्वर हवेत, म्हणून आरोहाचे प्रकार संपूर्ण १, षाडव ६ आणि औडव १५, मिळून २२, अवरोहाचेही २२, गुणाकार ४८४. सतराव्या शतकातील व्यंकटमखीच्या ७२ मेलांना हे लावले की ३४,८४८ ही संख्या येते. याच पुस्तकांत आणखी एक नियम असतो : रागात मध्यम आणि पंचम हे दोन्ही स्वर एकाच वेळी वर्ज्य नसावेत. परंतु ४८४ चे गणित करताना तो विचारात घेतला जात नाही.

तो घेतला तर काय होते? अट आरोह आणि अवरोह यांच्या जनकांना स्वतंत्रपणे लावली, तर प्रत्येकी एक औडव प्रकार बाद होऊन २१ × २१ म्हणजे ४४१ राग उरतात. अट दोन्ही जनकांच्या नंतर, संपूर्ण रागाला उद्देशून लावली, तर आरोहातही आणि अवरोहातही हे दोन्ही स्वर नसलेली एकच जोडी बाद होते आणि ४८३ उरतात. नियमाचे शब्द ‘रागात’ असे आहेत, तेव्हा ४८३ हे उत्तर अधिक योग्य म्हणावे लागेल. मराठी वाक्यात ही संदिग्धता लपून राहते. कॉम्प्रिहेन्शनमध्ये अट कोणत्या जनकापुढे लिहायची हे ठरवावेच लागते, आणि या विन्यासाचा खरा शैक्षणिक लाभ येथे दिसतो.

अट नंतर लावण्याची किंमतही मोठी असते. संगीतरत्नाकराच्या तालाध्यायात द्रुत, लघु, गुरू व प्लुत यांनी बनणाऱ्या तालांचा प्रस्तार आहे. द्रुताला एकक मानले तर त्यांची मूल्ये अनुक्रमे १, २, ४ व ६ होतात. एका प्लुताएवढ्या, म्हणजे सहा एककांच्या, कालावधीचे सर्व ताल हवे असतील, तर साध्या कॉम्प्रिहेन्शनमध्ये एक ते सहा अंगांच्या सर्व रचना निर्माण करून ‘बेरीज ६’ ही अट लावता येते. अशा रचना ५,४६० होतात आणि त्यांतून उरतात केवळ १९. तालाध्यायातील गणना या मार्गाने जात नाही. शेवटचे अंग द्रुत असेल तर आधीच्या पाच एककांचे १० प्रकार, लघु असेल तर चार एककांचे ६, गुरू असेल तर दोन एककांचे २, प्लुत असेल तर १, बेरीज १९. एक एककापासून आरंभ केल्यास १, २, ३, ६, १०, १९, ३३ अशी ही संख्यामाला पुढे जाते आणि प्रत्येक पद आपल्या मागील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या पदांच्या बेरजेने मिळते. गाळण्यासाठी येथे काहीच निर्माण होत नाही. अट जनकातच सामावलेली असते. याच संख्यांच्या आधारे शार्ङ्गदेव तालांचेही नष्ट आणि उद्दिष्ट काढतो.